आमची गाडी थोडी घेते

भाचा मुलुंडहून गाडी घेऊन थेट खारदांड्यात आमच्याकडे आला आणि आल्या आल्या त्याने दार लावून घेतलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही. लावलं तर शेजारी काय झालं म्हणून विचारायला येतात.

"मामा, बाबांना सांगणार नाहीस ना?"

सत्तावीस वर्षांचा, बऱ्या नोकरीतला मुलगा असा प्रश्न विचारतो तेव्हा तीनच गोष्टी संभवतात: मुलगी, कर्ज किंवा दारू. मला वाटलं पहिली. बायकोला वाटलं दुसरी. निघाली तिसरी, पण घ्यायची होती ती गाडीला.

गाडी म्हणजे चाकणला जन्मलेली, जर्मन आडनावाची, टर्बो पेट्रोल. दिसायला गरीब. पांढरा रंग, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद'. त्याला तिच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक नोझल बसवायचं होतं. पाय दाबला की त्या नोझलमधून पाणी आणि अल्कोहोल यांचं तुषारस्नान. आणि हे सगळं असं बसवायचं की बॉनेट उघडून पाहणाऱ्याला, म्हणजे मुख्यतः आमच्या भावोजींना, काहीही दिसता कामा नये.

"पण गाडीला दारू कशाला?"

"तब्येतीसाठी."

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ते गाडीच्या बाबतीत खरं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

सायकलच्या चाकात हवा भरली की पंपाचा खालचा भाग चटका देतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. हवा दाबली की तापते. टर्बो हा तोच पंप, फक्त तो मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि त्याला फिरवायला सायलेन्सरकडे निघालेला धूर वापरतात. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या धुरावर चालणारं यंत्र काढणारा माणूस आपल्या कोकणात जन्मला असता तर लोकांनी त्याला चिकट म्हटलं असतं. असो. तर टर्बोतून निघालेली हवा शंभर अंशांच्या वर तापू शकते. ती इंटरकूलरमधून थंड करून आत धाडतात, तरी जोर वाढवला की सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न पाहता आपणहून पेट घेतं आणि पिस्टनवर हातोडे पडावेत तसं इंजिन ठोकायला लागतं. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. फार दिवस ठोकू दिलं तर पिस्टनला भोक.

यावर उपाय माठाचा. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2257 किलोज्यूल लागतात. पेट्रोलला त्याचा सहावा हिस्साही पुरतो. म्हणजे मे महिन्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसणारे आमचे आजोबा जे करत होते, तेच इंजिनाला करायचं. मग नुसतं पाणी का नाही? कारण अल्कोहोल गारवाही देतं, जळतंही आणि सहजासहजी ठोकतही नाही. थंडपणा देऊन वर कामही करणारा असा सरबताचा ग्लास आमच्या घरात अजून कुणी केलेला नाही.

भाच्याने मला पुढचा अर्धा तास इतिहास ऐकवला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत हे मिश्रण होतं, त्याचं नाव एमडब्ल्यू 50: निम्मं मिथेनॉल, जवळपास निम्मं पाणी आणि गंज लागू नये म्हणून चिमूटभर तेल. एका वेळी दहा मिनिटंच वापरायची परवानगी. माझ्या माहितीतल्या पिणाऱ्यांत एवढी शिस्त मी पाहिलेली नाही. मग 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलची जेटफायर आली. साडेतीन लिटरचं इंजिन, 215 अश्वशक्ती, आणि बॉनेटखाली 'टर्बो रॉकेट फ्लुइड' नावाच्या द्रवाची टाकी. द्रव म्हणजे पुन्हा तेच, पाणी आणि मिथेनॉल. लोक टाकी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून टर्बोचा जोर कमी करी, आणि मालक तक्रार घेऊन येत की गाडी पळत नाही. दोन वर्षांत दुकान बंद.

"माणसं गाडीला पाजायला विसरतात?" मी विचारलं.

"अमेरिकेत विसरले, मामा."

आपल्याकडे असं झालं नसतं, एवढंच म्हणतो.

आता द्रव कुठला, हा प्रश्न. इथे मी पहिल्यांदा आवाज चढवला. मिथेनॉल घरात येणार नाही. ते विष आहे, आपल्याकडे त्याची विक्री परवान्यावर चालते आणि ते बरंच आहे. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारूत हेच मिथेनॉल मिसळलं गेलं आणि शंभरावर माणसं गेली. आपल्याच लोकल लाईनवरची गोष्ट. हातगाडीवाले, हमाल, दिवसभराच्या मजुरीनंतर दोन घोट घेणारी माणसं. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही, आणि पोटात गेलं तर आधी डोळे जातात. भाचा गप्प झाला. मुलगा तसा चांगला आहे.

मग त्याला कोविडच्या वेळचं सॅनिटायझर आठवलं. आमच्या माळ्यावर पाच लिटरचं कॅन 2020 पासून पडून आहे. ते उघडलं तर आत जेल. सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून जेल जात नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. घरात टूथपेस्ट वापरणारा माणूस पुरतो.

शेवटी त्याने बाटलीवरचा आकडा वाचला. भारतात बनलेल्या साध्या व्होडकावर 42.8 टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. म्हणजे उरलेलं पाणी. निम्म्या-निम्म्याच्या जवळ जाणारं मिश्रण, कारखान्यातून तयार, सीलबंद, कोपऱ्यावरच्या दुकानात. जर्मनांना जे प्रयोगशाळेत जमवावं लागलं ते आपल्याकडे कागदी पिशवीत मिळतं.

इथे परमिटचा मुद्दा आला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मुंबईत दारूबंदी उठली हा गैरसमज आहे. 1949 चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे. आपण पितो ते परमिटवर, आणि ते परमिट 'प्रकृती राखण्यासाठी' असतं. रस्तोरस्ती 'परमिट रूम' अशी पाटी दिसते ती त्याचीच खूण. सगळं महाराष्ट्र राज्य कागदोपत्री औषध घेत बसलेलं आहे. बिअर आणि वाइनला वय 21, कडक दारूला 25. आता खाजगी गाडीची नोंदणी असते 15 वर्षांची. पुढे फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षं वाढवून घ्यायची. म्हणजे आमच्या गाडीने दोनदा फिटनेस पास केला, तर ज्या दिवशी ती पंचविशीत येईल त्या दिवशी तिला कायद्याने व्होडकाचा पहिला थेंब घेता येईल.

"पण मामा, ती आधीच पितेय," भाचा म्हणाला. खरं होतं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं कितीतरी आपल्या उसाचं. सरकारने स्वतः भरवलेलं, परमिट न विचारता. त्यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी चहा टाकायला सांगितला.

फिटिंग कोण करणार, हा प्रश्न मात्र आमच्या गल्लीत दोन मिनिटांत सुटला. जून-जुलैचे 61 दिवस या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला, आणि आमच्या मागच्या गल्लीतले नाखवा रिकामे. नाखवांनी उभं आयुष्य बोटीच्या डिझेल इंजिनांशी काढलंय. ट्रकच्या इंजिनाला समुद्रावर कसं नांदवायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांनी भाच्याच्या खोक्यातला पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"ह्यो तर पाण्याच्या फिल्टरचा पंप."

भाच्याला राग आला. पंप परदेशी होता, महाग होता, 150 पाउंडाच्या वर दाब देणारा होता. गाडीच्या चाकात 33 पाउंड हवा असते म्हणजे हिशोब करा. पण जातकुळी खरंच तीच. पडदा मागे-पुढे करून पाणी ढकलायचं. नाखवांनी मग नोझल पाहिलं. पितळेचं, वाटाण्याएवढं.

"आनि ह्ये कशाला?"

"इंजिन थंड ठेवायला."

नाखवा पश्चिमेकडे पाहत राहिले. "आमच्याकडं त्यासाठी आख्खा दर्या हाय."

तरी काम त्यांनी मन लावून केलं. भाच्याने मोबाइलवर बघून ठेवलं होतं की पाइपला जागच्या जागी ड्रिल मारायचं. नाखवांनी त्याच्या हातातून ड्रिल काढून घेतलं. आधी पाइप सोडवला, बाहेर फळीवर धरला, भोक पाडलं, आटे पाडले, आत बोट फिरवून सगळा कीस काढला आणि दोनदा धुतला. "कीस आत गेला तर इंजिन गेलं," एवढंच बोलले. मग विचारलं की पंप बंद झाल्यावर नोझल ठिबकणार तर नाही? रात्रभर ठिबकून सिलिंडरमध्ये पाणी साचलं आणि सकाळी स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. भाच्याकडे त्यासाठी एकतर्फी व्हॉल्व्ह होता, पण तो का दिलाय हे त्याला नाखवांमुळे कळलं.

खरी कला पुढे होती. लपवायची. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपला नोझल वरून बसवलं तर चमकतं, म्हणून ते खालच्या बाजूने, क्लॅम्पच्या आडोशाला. नळी काळी, आणि ती वायरिंगच्या काळ्या नालीदार आवरणातून, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हेडलाइटची वायर चाललीय. पंप बंपरच्या मागे. चालू-बंदचं बटण आणि पंप चालला की लागणारा तांबडा दिवा सुट्ट्या पैशांच्या खणात. आणि टाकी? वेगळी टाकी कुठे लपवणार? समोरची काच धुवायच्या पाण्याची टाकी तिथे होतीच. तिच्याच तळाला दुसरं भोक. आपल्याकडे त्या टाकीत पाणी आणि शाम्पूची पुडी असते. आता दोन बाटल्या व्होडका.

मी हे सगळं खुर्ची टाकून पाहत होतो आणि मला एकेक ओळख पटत होती. ही काळी नळी म्हणजे आमच्या काकांचा स्टीलचा ग्लास. बाहेरून ताक आहे की काय आहे, कळायला मार्ग नाही. बंपरमागचा पंप म्हणजे इस्त्रीच्या साड्यांमागची बाटली. आणि पैशांच्या खणातला दिवा म्हणजे बडीशेप. सापडली की पुरावा. बाहेरच्या देशांत म्हणे लोक असलं नोझल शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्यापासून लपवतात. आपण बापापासून लपवतो. एका बाटलीसाठी सात जागा बदलणाऱ्या मराठी माणसाला हे काम उपजतच येतं, त्यासाठी किटबरोबर पुस्तक द्यायची गरज नाही.

नाखवांना मात्र हा लपवायचा भाग शेवटपर्यंत कळला नाही. "चोरी केलीय काय?" ते विचारत राहिले.

तशी केली होती. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम म्हणतं की कंपनीने जशी दिली तशी गाडी ठेवा. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी सोय केली. प्रत्येक बदलामागे, हे शब्द वाचून भाचा बोटं मोजायला लागला. नोझल, पंप, नळी, बटण, दिवा, टाकीचं भोक. हे एक की सहा?

मग चाचणी. आता आमच्या भागात गाडी चालवलेल्यांना मी काय सांगणार! टर्बोला जोर यायला मोकळा रस्ता लागतो, आणि नोझल त्या जोरावर उघडतं. खारदांड्याच्या बाजारातून बाहेर पडताना पुढे टेम्पो, टेम्पोपुढे बर्फाची हातगाडी, हातगाडीपुढे मांजर. मांजर घाईत नसतं. कार्टर रोडला लागलात तर फिरायला आलेली माणसं, त्यांची कुत्री, कुत्र्यांना फिरवायला ठेवलेली माणसं. ताशी बारा किलोमीटरवर इंजिनाला घाम फुटत नाही, मग पंचा कशाला लागेल? लिंकिंग रोडला गेलो. तिथे तर आम्ही चालणाऱ्यांच्या मागे पडलो. शेवटी टोल भरून सी लिंकवर गेलो. 2009 पासून मुंबईकराला मोकळा रस्ता बघायचा असेल तर तो पैसे भरून तिथे जातो. भाच्याने पाय दाबला. पाठ सीटला टेकली. टर्बोने शीळ घातली. मी खणातल्या दिव्याकडे डोळे लावले. तेवढ्यात काटा 80 वर आला, मर्यादा तेवढीच, वर कॅमेरे, आणि भाच्याने पाय काढला. दिवा लागला नाही.

असं चार वेळा. चार टोल.

आता आषाढी एकादशीची रात्र. माझा उपास. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू. जुहूला भाच्याच्या मित्राकडे गेलो होतो, तिथे त्याने एक बिअर घेतली. घेतल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. याबाबतीत तो पक्का आहे, गाडी प्यायली तरी आपण पिऊन चालवायचं नाही. मी चालवत होतो. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता नेहमीप्रमाणे खोदलेला, समोरच्या बसने चिखलाचा एक सपकारा आमच्या काचेवर मारला, आणि त्याच क्षणी पुढे नाकाबंदी. हवालदारांनी हात केला. मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. समोरचं काही दिसेना म्हणून वर्षानुवर्षांच्या सवयीने वायपरचा दांडा ओढला.

समोरच्या काचेवर व्होडकाचे दोन फवारे उडाले. वारा समुद्रावरून होता. अर्धं तुषारस्नान हवालदारांना झालं.

त्यांनी चेहरा पुसला. हात नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"काका, किती घेतलीय?"

"साहेब, आज एकादशी आहे."

यंत्र पुढे आलं. मी फुंकलं. शून्य. दुसरं यंत्र आलं. शून्य. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, माझ्यात खिचडीखेरीज काही नव्हतं. हवालदारांनी भाच्याकडे पाहिलं. तो चालवत नव्हता. मग त्यांनी गाडीत डोकं घालून वास घेतला, बाहेर काढून घेतला आणि बॉनेटजवळ जाऊन घेतला.

"मग प्यायलंय कोण?"

मी 'गाडी' म्हणणार होतो. खरं बोलायचा दिवस होता. तेवढ्यात भाच्याने माझा गुडघा दाबला आणि माझ्या डोळ्यांपुढे प्रत्येक बदलामागे 5000 उभे राहिले. काही न सांगावं तर एकादशीच्या रात्री दारूने काच धुणारा माणूस म्हणून माझी ख्याती, सांगावं तर सहा गुणिले पाच हजार. मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच बघा."

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. टॉर्च मारली. दुसऱ्यालाही बोलावलं. दोघांनी पाच मिनिटं इंजिन न्याहाळलं, वायर्स हलवल्या, नाखवांनी ओढलेल्या त्या नळीवर हात ठेवला आणि हेडलाइटची वायर म्हणून सोडून दिली. नाखवांचं काम इतकं चोख होतं की खुद्द भाच्याला नोझल कुठे आहे हे क्षणभर सापडेना. शेवटी हवालदारांनी टाकीचं झाकण उघडून नाक जवळ नेलं आणि माझ्याकडे कीव आलेल्या नजरेने पाहिलं.

"काका, घरात ठेवू देत नाहीत का?"

मी मान खाली घातली. ते बिचारे विवाहित असावेत. "जा," म्हणाले. "पण टाकीतून पिऊ नका. तब्येतीला वाईट."

घरी आल्यावर टाकी रिकामी केली, धुतली, आणि पाणी व शाम्पूची पुडी टाकली. भाच्याने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं की बीएमडब्ल्यूने 2016 च्या सुमाराला एम 4 जीटीएस नावाच्या मोजक्याच गाड्या काढल्या, त्यांच्या डिकीत पाच लिटरची टाकी होती, आणि तिच्यात फक्त पाणी. तेव्हापासून तो उपासाला बसल्यासारखा शांत आहे. भावोजींना अजून काही माहीत नाही. हा लेख त्यांच्याकडे येणाऱ्या अंकात नसेल अशी आशा आहे. नोझल जागेवर आहे, दिवा आजवर एकदाही लागलेला नाही, काच मात्र लख्ख निघते.